साफिन ते सॅफेनस : एका शिरेचा प्रवास

गेल्या पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर मोहल्ल्यातले एक चाचा पायाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आले. आयुष्यभर धानाच्या बांधीत उभं राहिलेले पाय, त्यावर फुगलेल्या निळ्या शिरा. रिपोर्टमधल्या 'सॅफेनस' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मास्टरसाब, ये दिल की बीमारी तो नहीं?"

मी म्हणालो, "चाचा, हा तर आपल्या ओळखीचा शब्द आहे. हकीम ज्या रगेला साफिन म्हणतात, तीच ही."

घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या या शिरेला इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये साफिन म्हटलं आहे. बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने त्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद केला. साफिनची 'साफेना' झाली, स्पॅनिशमध्ये 'सफेना' आणि इंग्रजीत 'सॅफेनस'. शब्द जवळजवळ जसाच्या तसा राहिला.

पण शब्द पोहोचला म्हणजे ज्ञान पोहोचलंच असं नाही.

गॅलेनच्या मते हृदयाच्या मधल्या पडद्यात अदृश्य छिद्रं असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं. इब्न सीनाच्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना, 1242 मध्ये, इब्न अल-नफीसने हे खोडून काढलं. पडदा घट्ट आहे, रक्त फुप्फुसांत जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डाव्या बाजूला येतं, असं त्याने लिहिलं. जेरार्ड 1187 मध्येच वारला होता. मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, ही दुरुस्ती मागे राहिली.

स्पेनच्या मिगेल सर्वेतने हाच मार्ग 1553 मध्ये मांडला. त्याच वर्षी धर्मविरोधी मतांसाठी त्याला जिनिव्हात जिवंत जाळलं. 1556 मध्ये हुआन वाल्वेर्देने तो स्पॅनिश भाषेतल्या पुस्तकात छापला. त्यांना इब्न अल-नफीस ठाऊक होता का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. त्याचं हस्तलिखित 1924 मध्ये मुहियुद्दीन अत-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयातून उजेडात आणलं.

आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "पाहा, सगळं आपलंच चोरलं!" हे बरोबर नाही. सबंध शरीरात रक्त फिरतं, हे प्रयोगांनी आणि हिशोबाने 1628 मध्ये दाखवलं ते विल्यम हार्वेने. इब्न अल-नफीसचं श्रेय फुप्फुसांच्या फेऱ्याचं आहे आणि तेही लहान नाही.

अनुवादाची खरी अडचण मला वर्गात दिसते. मुलं विचारतात, "सर, धमनीत शुद्ध रक्त असतं, मग फुप्फुसधमनीत अशुद्ध कसं?" अरबीत या वाहिनीला 'वरीद शिरयानी' म्हणत, लॅटिनमध्ये 'वेना आर्टेरिओसा'. म्हणजे धमनीसारखी जाड भिंत असलेली शिर. पुढे व्याख्या बदलली : हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिर. जुन्या 'वेना'चं आज शब्दशः 'शिर' केलं तर भाषांतर चुकतं. तिथे 'धमनी'च लिहावं लागतं. अनुवादकाला शब्दकोशाबरोबर रक्ताची वाटही ठाऊक हवी.

हैदराबाद संस्थानाने 1917 मध्ये याच कामासाठी दारुल तर्जुमा उभारला. मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवली गेली. आज माझ्या वर्गातलं मूल घरून 'दौरान-ए-खून' ऐकून येतं आणि पुस्तकात 'रक्ताभिसरण' वाचतं. दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही, तर ते आपल्याला विज्ञान जमत नाही असं समजून बसतं. खरं तर त्याला एक शब्द जास्तच येत असतो.

चाचांना मी एवढंच सांगितलं : रक्त वर चढवणाऱ्या शिरेतल्या झडपा सैल झाल्यात, हा हृदयाचा आजार नाही, पण उपचार डॉक्टरांकडूनच घ्या. ते हसले. "रग साफिन," पुटपुटले, आणि रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.