अँटिव्हायरस आहे, तरी व्हायरस येतो कसा?

आयटीत नोकरी करणाऱ्याला नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, "पॅकेज किती?" आणि दोन, "अरे, अँटिव्हायरस टाकलाय, तरी व्हायरस आलाच कसा?" पहिल्याचं उत्तर मी टाळतो :-) दुसऱ्याचं मात्र नीट द्यायला हवं, आणि त्यासाठी थेट १९८३ सालात जावं लागतं.

अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन नावाचा विद्यार्थी होता. त्याने दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची प्रत घुसवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन (आरएसए एन्क्रिप्शनमधला 'ए' यांचाच) यांनी त्याला 'व्हायरस' हे नाव सुचवलं. रीतसर परवानगी घेऊन व्हॅक्स मशीनवर प्रयोग झाले. दर वेळी तासाभराच्या आत मशीनचा पूर्ण ताबा!

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कोहेनने १९८४ च्या निबंधात मांडलेला युक्तिवाद. समजा, कुठलाही व्हायरस अचूक ओळखणारा एक परीक्षक प्रोग्रॅम तयार झाला. मग मी असा प्रोग्रॅम लिहितो, जो आधी त्या परीक्षकालाच विचारतो, "मी व्हायरस आहे का?" तो "हो" म्हणाला तर माझा प्रोग्रॅम गप्प बसतो, म्हणजे तो व्हायरस नव्हताच. "नाही" म्हणाला तर पसरायला लागतो. दोन्हीकडून परीक्षक तोंडावर आपटला! हॉल्टिंग प्रॉब्लेमचाच हा भाऊबंद. म्हणजे शंभर टक्के अचूक अँटिव्हायरस बनणं शक्य नाही, हे लोक अँटिव्हायरस विकत घ्यायला लागायच्या आधीच सिद्ध झालं होतं.

१९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला 'ब्रेन' आला. पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, आणि आत चक्क भावांची नावं, पत्ता, फोन नंबर! गंमत म्हणजे कुणी बूट सेक्टर वाचायला गेलं की हा मधेच अडवून जुना, स्वच्छ सेक्टर दाखवायचा. म्हणजे लपाछपी पहिल्या डावापासूनच सुरू झाली.

यावर उपाय निघाला तो सिग्नेचरचा. पकडलेल्या व्हायरसमधला बाइट्सचा एखादा खास तुकडा यादीत टाकायचा आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून बघायची. पोलीस चौकीत लावलेले सराईत चोरांचे फोटोच म्हणा ना. १९९० च्या दशकात फ्लॉपीतून व्हायरस गावोगाव फिरत होते. तेव्हा आपल्या पुण्यात रेडिओ-कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी 'क्विक हील' उभं केलं, तेही याच काळात.

आता फोटोची अडचण उघड आहे. चोराने आधी कुठेतरी चोरी केलेली असावी लागते. नव्या व्हायरसचा नमुना कंपनीच्या हाती लागून अपडेट तुमच्या मशीनवर येईपर्यंत कुणीतरी पहिला बळी गेलेला असतो.

शिवाय चोर वेषही बदलतो. पडद्यावरची अक्षरं पानगळीसारखी खाली पाडणारा 'कॅस्केड' १९८० च्या दशकाच्या शेवटी आला. तो स्वतःचा बराच भाग एन्क्रिप्ट करायचा. पण उलगडणारा कोड तोच राहायचा, म्हणून सापडायचा. १९९० मध्ये मार्क वॉशबर्नने '१२६०' मध्ये तो उलगडणारा कोडही दर वेळी बदलता ठेवला. झालं! ठरावीक तुकडा शोधायची युक्ती तिथे अपुरी पडली.

मग अँटिव्हायरसवाले चेहरा सोडून वागणूक बघायला लागले. संशयास्पद प्रोग्रॅम आधी बंदिस्त जागेत चालवून बघायचा, भराभर फाइली बदलायला लागला तर अडवायचा. हे खूप कामाचं आहे. पण संशयावर पकडायचं म्हटलं की कधीतरी एखादा घातकी सुटणार आणि कधीतरी निरपराध आत जाणार. कोहेनचा युक्तिवाद पाठ सोडत नाही.

निरपराध आत गेल्याचं उदाहरण म्हणजे २१ एप्रिल २०१०. मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली, आणि जगभरची मशीन्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पाडली. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे तर व्हायरस नव्हताच. पण पहारेकऱ्याला काम करता यावं म्हणून घराच्या सगळ्या किल्ल्या दिलेल्या असतात, त्यामुळे तो अडखळला की घरच बंद पडतं.

मग काय, काढून टाकायचा? मुळीच नाही. जुने, ओळखीचे व्हायरस आजही फिरतात आणि त्यांना दारातच रोखणं हे काम अँटिव्हायरस चोख करतो. फक्त हिरवी टिकली दिसली की "माझं मशीन सुरक्षित आहे" असं वाचू नका. "माझ्या ओळखीचं कुणी दिसलं नाही", एवढाच तिचा अर्थ.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधल्या इस्पितळांचं काम अडवलं. तो ज्या फटीतून शिरला, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने तो न लावलेली मशीन्स सापडली. ज्यांच्याकडे फाइलींची वेगळी प्रत होती, ते खंडणी न देता सावरू शकत होते.

म्हणून नातेवाइकांना मी आता उत्तराऐवजी उलटा प्रश्न विचारतो: विंडोजचे अपडेट लावलेत का, आणि लग्नाच्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे? तुम्हीही बघून घ्या. आज रविवारच आहे.