सात रुपये भाडं

तर मंडळी, झालं असं. गेल्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून नाशिकला घरी गेलो होतो. बाबा नुकतेच निवृत्त झालेत. हातात फंडाचे पैसे आहेत आणि डोक्यात एकच विषय, "एक टू बीएचके घेऊन ठेवू, भाडं येत राहील." फ्लॅट बघूनही झाला होता. किंमत ४५ लाख, भाडं महिना ११ हजार. बाबांचे २० लाख, बाकी माझ्या नावावर कर्ज. टोकन द्यायचं तेवढं बाकी.

जेवताना थोरली आत्या सहज म्हणाली, "आमच्या आजोबांनीही हाच हिशोब केला होता रे."

पणजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कारकून होते. १९३८ साली त्यांनी वाड्यामागे चार खोल्या बांधल्या आणि प्रत्येकी सात रुपयांनी भाड्याने दिल्या. महिना २८ रुपये, त्या काळी चांगलेच! म्हातारपणाची सोय झाली असं त्यांना वाटलं. आत्याच्या लग्नापर्यंत भाडं सातच रुपये होतं. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, तेव्हा ती पुन्हा उभी करायला लागणारा पैसा काही वर्षांच्या भाड्यातूनही निघाला नसता.

हे कसं झालं, म्हणून पुण्याला परतल्यावर वाचत बसलो. (कोड सोडून हे काय, असं टीम लीडने विचारलं, पण असो :-))

दुसऱ्या महायुद्धात शहरांत माणसं वाढली, घरं वाढली नाहीत. भाडी भडकू नयेत म्हणून सरकारने लगाम घातला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. त्या दिवशी जे भाडं, तेच कायदेशीर भाडं. कायदा होता तात्पुरता, पण मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं चालला. भाडेकरूंना खलनायक ठरवू नका हं. पणजोबांचे भाडेकरूही साधे नोकरदारच होते, आणि डोक्यावरचं छप्पर उद्या जाणार नाही ही खात्री त्यांना या कायद्याने दिली. पण कौलं, चुना, गवंड्याची मजुरी यांचे भाव काही १९४० वर थांबले नव्हते. त्यामुळे मालकांनी डागडुजी सोडली. अशी गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं १९९७ मध्ये. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला ३१ मार्च २००० पासून आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली. म्हणजे सात रुपयांवर २८ पैसे!

आता गंमत बघा. भाड्याने देणं परवडेना, म्हणून बांधणाऱ्यांनी खोल्या विकायला सुरुवात केली. आपण सहज म्हणतो तो 'ओनरशिपचा फ्लॅट' असा रुळला. विक्री आली तशी फसवणूकही आली, म्हणून १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. करार नोंदवा, सोसायटी स्थापन करा, जमीन सोसायटीच्या नावावर करून द्या, हे सगळं त्यातलं. पण पैसा कुठून आणायचा? १९७७ मध्ये हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी सुरू केली, तेव्हा कुठे पगारदाराला घरकर्जाची वाट खुली होऊ लागली. त्याआधी बहुतेकांचं घर व्हायचं ते निवृत्तीच्या पैशांतून.

आणि ते ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट? १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणारे लोक एका रात्रीत भाडेकरू ठरले. तेव्हापासून मालकांच्या मनात बसलेली भीती अजून गेलेली नाही. फ्लॅट कुलूप लावून ठेवतील, पण भाड्याने देणार नाहीत, असे लोक तुमच्याही ओळखीत असतील. खरं तर २००० पासून असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मग तो ११ महिन्यांचा का असेना. आणि मुदत संपल्यावर जागा परत मिळवायची सोपी वाटही त्याच कायद्यात आहे.

थोडक्यात काय, फ्लॅटच्या फाईलमधल्या प्रत्येक कागदामागे एक जुना बग आहे, आणि कुणीतरी आधी पोळलेला आहे. २०१७ पासून रेराने बिल्डरला ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, तेही असंच.

मग मी पुन्हा हिशोबाला बसलो. वर्षाचं भाडं १ लाख ३२ हजार. त्यातून मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ६ हजार आणि एक महिना रिकामा गेला तर ११ हजार वजा. उरले ९७ हजार. ४५ लाखांवर जेमतेम सव्वादोन टक्के, आणि कर्जाचं व्याज आठाच्या आसपास! पणजोबांनी निदान भाड्यावर जगायचं ठरवलं होतं. आपण मात्र पुढचा माणूस जास्त किंमत देईल या भरवशावर घेणार, आणि त्याला नाव देणार 'भाड्याचं उत्पन्न'.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जमीन कोणाच्या नावावर आहे रे?" मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. इमारत वीस वर्षांची आहे, पण कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही. बिल्डरने सही केली नाही तरी सोसायटी स्वतः अर्ज करू शकते, मानीव अभिहस्तांतरणाची ही सोय २००८ पासून आहे. "करायचंय, होईल," एवढंच उत्तर मिळालं.

टोकन दिलेलं नाही. बाबांचे २० लाख सध्या बँकेत आहेत. घर घेऊच नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. राहायला घ्यायचं असतं तर आकडेमोड वेगळी झाली असती. पण कमाईसाठी घेताय ना, मग आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू आणि कन्व्हेयन्स बघा, आणि मग नवीन टाईल्स.

पणजोबांच्या पावतीपुस्तकाची पानं आत्याने जपून ठेवली आहेत. प्रत्येकीवर एकच आकडा, सात.