दलदलीतील दप्तर : डेन्मार्कच्या वनेतिहासातील एक वाद

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्याकडील अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. लेखनकलाच नव्हती त्या काळाविषयी पुराणवस्तुसंशोधक बोलतो. परंतु तत्कालीन मनुष्य ज्या भूमीवर वावरला तिच्यावर कोणती झाडे उभी होती, हे केवळ खापरांवरून सांगणे त्यालाही शक्य नसते. उत्तर युरोपात या प्रश्नाचे उत्तर दलदलींनी दिले. पाणथळ जागी मेलेल्या वनस्पतींचे अवशेष प्राणवायूच्या अभावी पुरते कुजत नाहीत; त्यांचे थर एकावर एक साचून पीट तयार होते. तळचा थर जुना, वरचा नवा, एवढे सूत्र हाती असले की हे दप्तर वाचता येते. मात्र त्यातील अक्षर ओळखता आले पाहिजे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका हाच आहे.

हे दप्तर प्रथम पद्धतशीरपणे उलगडले ते डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ यापेटुस स्टेनस्ट्रुप याने. १८४२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने शेलान बेटाच्या उत्तर भागातील दलदलींचे वर्णन केले. तळाशी आस्पेन, त्यावर पाइन, मग ओक आणि शेवटी आल्डर असा झाडांचा क्रम त्याला आढळला. पाइन तर त्याच्या काळी डेन्मार्कच्या रानांतून जवळजवळ नाहीसा झालेला होता. उलट डॅनिश लोक ज्याला आपला राष्ट्रवृक्ष मानतात तो बीच या थरांत कोठेच नव्हता. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास अद्याप सतरा वर्षांचा अवधी होता. अर्थात ही जातींच्या उत्पत्तीची कथा नव्हे. हिमयुगानंतरच्या दहाबारा हजार वर्षांत या वृक्षांची रूपे फारशी पालटली नाहीत; पालटली ती त्यांची वसतिस्थाने. १८७० मध्ये स्वीडनच्या दक्षिण टोकाशी, आल्नार्प येथे, आल्फ्रेड नाटहोर्स्ट याला ध्रुवप्रदेशीय विलो व खुजा बर्च यांची पाने मातीत सापडली, तेव्हा या प्रवासाचा आरंभबिंदूही कळला. बर्फ हटले त्या वेळी तेथे झाडेच नव्हती.

ही स्थलांतरे का झाली? नॉर्वेचा आक्सेल ब्लिट याने १८७६ मध्ये कोरड्या व ओल्या हवामानाचे आलटून पालटून आलेले कालखंड कल्पिले. पुढे स्वीडनच्या रुटगर सेर्नांडर याने तीच मांडणी दृढ केली. यानंतर दीर्घकाळ हवामान हेच वनेतिहासाचे सर्वसमर्थ कारण होऊन बसले. एखादे कारण सर्वत्र लागू पडू लागले म्हणजे इतिहासकाराने सावध व्हावे. पण तसे सावध होण्याइतका पुरावा तेव्हा हाती नव्हता.

तो पुरावा परागकणांनी पुरविला. १९१६ मध्ये क्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ओस्लोत, भरलेल्या स्कँडिनेव्हियन निसर्गशास्त्रज्ञांच्या संमेलनात लेनार्ट फोन पोस्ट याने पीटच्या थराथरातील परागकण मोजून त्यांचे शेकडा प्रमाण आलेखात मांडून दाखविले. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. लिनीअसने अठराव्या शतकात वनस्पतींचे वर्ग पाडले ते पुंकेसरांची संख्या मोजून. एल्म पाच पुंकेसरांच्या वर्गात गेला, प्लांटागो चारांच्या. ज्या अवयवाच्या गणनेवर त्याने वर्गीकरण उभारले त्याचीच धूळ पावणेदोनशे वर्षांनी त्याच्या देशबांधवाने मोजली. परंतु पुंकेसर फुलात असतात. धूळ दलदलीत सुटी पडलेली असते, आणि ती कोणाची हे तिच्या आकारावरून व पृष्ठावरील खुणांवरूनच ठरवावे लागते. शिवाय वाऱ्यावर पराग सोडणारा पाइन दप्तरात वाजवीपेक्षा अधिक बोलतो, तर कीटकांवर अवलंबून असणारा लिंडेन कमी.

१९४१ मध्ये योहानेस इव्हर्सेन याने ‘लांडनाम’ म्हणजे भूमी ताब्यात घेणे या नावाचा सिद्धान्त मांडला. डॅनिश दलदलींतील एका विशिष्ट पातळीवर वृक्षांचे पराग एकाएकी घटतात, धान्याचे पराग दिसू लागतात, नंतर बर्च व हेझल वाढतात आणि अखेरीस रान परत येते. याच सुमारास प्लांटागो लान्सेओलाता ही क्षुद्र वनस्पती अवतरते. आपल्या परिचयाच्या इसबगोलाची ही सगोत्र. ती दाट रानात वाढत नाही, गुरे चरतात अशा उघड्या जागी फोफावते. इव्हर्सेनचे म्हणणे असे की हा हवामानाचा नव्हे, कुऱ्हाडीचा व अग्नीचा पुरावा आहे.

दगडी कुऱ्हाडीने रान तोडता येईल काय, अशी शंका स्वाभाविक होती. तिचे निरसन करण्यासाठी १९५२ ते १९५४ या काळात दक्षिण यूटलंडमधील द्राव्हेड रानात प्रयोग झाला. गारगोटीची जुनी पाती नव्या दांड्यांत बसविण्यात आली. कसलेल्या लाकूडतोड्यांनी सवयीप्रमाणे अंगाचा सारा जोर लावून घाव घातले आणि पात्यांची धार उडविली. कोपरापासून हलके, जलद घाव घालण्याची रीत पुराणवस्तुसंशोधकांना आधी साधली! पुढे तोडलेला पाला जाळून त्या राखेत आइनकॉर्न व एमर, म्हणजे आपल्याकडील खपली गहू, पेरले. जळलेल्या जागी पीक चांगले आले, न जळलेल्या जागी जेमतेम. आणि कालांतराने प्लांटागोही तेथे उगवला.

एवढ्यावर वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, आणि त्याचे कारण एल्म होय. सुमारे ५,८०० वर्षांपूर्वी एल्मचे पराग वायव्य युरोपभर जवळजवळ एकाच काळी घसरतात. इव्हर्सेनने यामागे हवामान मानले. योर्गेन ट्रोल्स-स्मिथ याने १९६० मध्ये असे प्रतिपादिले की गोठ्यात बांधलेल्या गुरांसाठी एल्मचा पाला सतत छाटला गेल्याने झाड फुलेनासे झाले. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील एल्म रोगाने मरू लागले तेव्हा तिसरे कारण पुढे आले; लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ येथे या घसरणीच्या किंचित खालच्या थरात त्या रोगाचा प्रसार करणाऱ्या भुंगेऱ्याचे अवशेषही सापडले, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

माझ्या मते या तिढ्याचे मूळ वर्गीकरणात आहे. प्लांटागो लान्सेओलाताचा परागकण छिद्रांभोवतीच्या स्पष्ट कड्यांमुळे त्याच प्रजातीतील इतर जातींपासून वेगळा काढता येतो, म्हणूनच त्याची साक्ष नेमकी ठरते. प्लांटागो एवढेच कळले असते, तर गुरे चरत होती असे कोणी छातीठोकपणे म्हटले नसते. एल्मच्या परागावरून मात्र सामान्यतः केवळ प्रजाती कळते, जाती नाही. उत्तर युरोपात एल्मच्या तीन जाती आहेत आणि त्यांच्यातील विच एल्म हा त्या भुंगेऱ्याला तितकासा रुचत नाही. तेव्हा एखाद्या दलदलीभोवती कोणता एल्म उभा होता यावर रोगाचा तर्क तेथे कितपत बळकट हे अवलंबून राहते. आणि परागाच्या आलेखात त्या तिघांसाठी मिळून एकच रेषा काढलेली असते.