फूटपट्टी आणि सिगारेट

मी सिगारेट कशी सोडली, याची एक गोष्ट आमच्या घरात गेली पस्तीस-अडतीस वर्षं सांगितली जाते. सौ. सांगते ती अशी: १९८८ साली आम्ही शेगावला दर्शनाला गेलो होतो. तिनं मला महाराजांपुढे नवस बोलायला लावला आणि परत येताना खामगावच्या स्टॅण्डवर मी खिशातलं पाकीट काढून फेकून दिलं. ते शेवटचं. सुनेनं ही गोष्ट ऐकली, नातवंडांनी ऐकली, व्याह्यांच्या घरीही पोचली. मीही कधी खोडून काढली नाही. पाकीट फेकलं हे खरंच आहे.

पण ते रिकामं होतं.

आता वयाची सत्तरी ओलांडल्यावर खरं सांगायला हरकत नाही, म्हणून लिहितो. (शिवाय आमचे व्याही हा ब्लॉग वाचतात, त्यांना परस्पर कळलेलं बरं.) मी सिगारेट सोडली ती महागली म्हणून. भक्तीमुळे सोडली नाही, सौ.च्या सांगण्यानं नाही, की पाकिटावरच्या इशाऱ्यानंही नाही. हा इशारा छापायचा कायदा १९७५ सालचा. पाकिटावर धोक्याची ती ओळ दिसू लागली तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही दोघा-तिघांनी ती मोठ्यानं वाचली, हसलो आणि त्याच पाकिटातली एकेक पेटवली.

शेगावचं म्हणाल तर गजानन महाराजांची चिलीम सगळ्यांना ठाऊक आहे. दासगणूंच्या पोथीत जानकीराम सोनाराची कथा येते. त्यानं विस्तव नाकारला आणि महाराजांची चिलीम विस्तवाशिवाय पेटली. तेव्हा तंबाखू सोडण्याचा नवस नेमका तिथं बोलावा हे मला त्या वेळीही जरा गमतीचं वाटलं होतं. सौ.ला तसं म्हटलं नाही. आज म्हणतो.

तर मूळ मुद्दा १९८७ चा. त्या वर्षीचं केंद्राचं अंदाजपत्रक पंतप्रधान राजीव गांधींनी स्वतः मांडलं, कारण अर्थखातं तेव्हा त्यांच्याकडे होतं. त्या अंदाजपत्रकानं सिगारेटवरचा कर आकारायची रीतच बदलली. तोवर कर किमतीवर असे, आता तो लांबीवर आला. सिगारेट किती मिलिमीटर आणि तिला फिल्टर आहे की नाही, यावर हजारी इतके रुपये. वर्तमानपत्रात ते वाचलं आणि मधल्या सुट्टीत मी एका पोराच्या कंपासपेटीतली फूटपट्टी मागून आणली. स्टाफरूममध्ये टेबलावर सिगारेट ठेवून मोजली. एकोणसत्तर भरली. सत्तरला एक रेघ कमी. आमचे गणिताचे सर म्हणाले, "बघा, कारखान्यातल्या माणसाला भूमिती येते." कराचा टप्पा जिथं बदलतो त्याच्या अलीकडे एक मिलिमीटर थांबायचं, एवढी साधी युक्ती. सतरा वर्षं जी वस्तू ओढली ती मी पहिल्यांदाच मोजत होतो. त्या दिवशी तिची चव काही बदलली नाही, पण ती माझ्या डोक्यात हिशेबाची बाब झाली ती तिथून.

कर लावून तंबाखू सोडवायची खटपट फार जुनी आहे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला धुराचा मनस्वी तिटकारा. १६०४ साली त्यानं तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी जकात पौंडाला दोन पेन्सवरून सहा शिलिंग दहा पेन्सवर नेली. म्हणजे एकदम एकेचाळीस पट. लोकांनी तंबाखू सोडली नाही, चोरून आणू लागले, आणि पुढं राजालाच जकात उतरवावी लागली. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे असद बेग हा अकबराचा सरदार विजापूरहून तंबाखू आणि नक्षीदार नळी घेऊन दरबारात गेला. हकिमांनी विरोध केला, अकबरानं थोडी ओढून पाहिली म्हणतात. जहांगीरानं १६१७ साली बंदी घातली. ती किती पाळली गेली हे आपल्या गावच्या पानठेल्यांकडे पाहून ओळखावं.

हिंदुस्थानात तंबाखूवर उत्पादन शुल्क आलं ते १९४३ मध्ये, महायुद्धाचा खर्च भागवायला. तेव्हा कुणाच्या फुप्फुसांची काळजी सरकारला नव्हती, पैसा हवा होता. युद्ध संपलं, इंग्रज गेले, कर राहिला. कच्च्या तंबाखूवरचा कर १९७९ साली चरणसिंगांनी काढला, सिगारेटवरचा मात्र वाढतच गेला. सिगारेट ओढणारा मोर्चा काढत नाही, हे प्रत्येक अर्थमंत्र्याला माहीत असतं.

आता माझ्या वहीकडे वळतो. मी घरखर्चाची वही ठेवत असे, अजूनही ठेवतो. १९८७ च्या पावसाळ्यात सिगारेटचा आकडा महिन्याला ऐंशी-नव्वदवर गेला होता. त्याच पानावर वर दुधाची ओळ असे. आमच्याकडे रोज अर्धा लिटर दूध येई, त्याचे साठ. चार माणसांत अर्धा लिटर. ते वर्ष दुष्काळाचं, गावाकडच्या कोरडवाहू शेतीला माझ्याच पगारातून पैसे जात होते. म्हणून दूध वाढवायचं नाही असं मीच ठरवलेलं. एका रात्री सहज बाराने गुणलं. हजाराच्या वर गेलं. लेक तेव्हा सहावीत, शाळेत पायी जायची, सायकल मागून मागून गप्प झालेली. त्या हजारात तिची सायकल आली असती आणि वर काही उरलं असतं.

वाटेल की इथंच सोडली. नाही. मी आधी बिडीवर आलो.

महाग वस्तू सोडायच्या आधी माणूस स्वस्त वस्तू शोधतो. खुद्द गांधीजींनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये लिहून ठेवलंय की लहानपणी चुलत्यांनी टाकलेली थोटकं ओढली आणि तीही पुरेनात तेव्हा नोकराच्या खिशातले पैसे चोरले. मी चोरी केली नाही, फुकटची मात्र ओढली. एक सहकारी काही दिवस देत होते. मग त्यांनी माझ्यासमोर पाकीट काढायचंच बंद केलं. त्यांचंही बरोबर होतं. बिडी मला चार महिने पुरली. ती सारखी विझते, सतत ओढत राहावी लागते, ठिणगी पडून शर्टाला भोकं पडतात, आणि मुख्य म्हणजे शाळेत एका विद्यार्थ्याचे वडील मला बिडी ओढताना पाहून इतक्या आपुलकीनं बोलले की मला लाज वाटली. मास्तर बिडी ओढतो, म्हणजे मास्तर आपल्यातला! सिगारेट परवडत नाही आणि बिडी शोभत नाही, अशा कात्रीत सापडून मी दहाचे सहा, सहाचे तीन करत शेवटी थांबलो. शेगावला गेलो तेव्हा आदल्या दिवशीच शेवटची ओढून झाली होती. नवस बोललो, कारण सौ. उभी होती. पाकीट फेकलं, कारण खिशात रिकामं पाकीट कशाला ठेवायचं. जूनमध्ये सायकल घेतली.

इतकंच असतं तर लिहिलं नसतं.

माझा धाकटा भाऊ मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी, पैनगंगेकाठी, शेती बघायचा. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो पहिल्यापासून बिडीवाला. मी गावी गेलो की त्याला माझ्या फूटपट्टीची गोष्ट सांगायचो, आणि तो हसून म्हणायचा, "भाऊ, तुमच्या सिगरेटीवर सरकार बसलं. माह्या बिडीवर कोन बसते?"

खरंच कोणी बसत नव्हतं. तेंदूच्या पानात तंबाखू घालून दोऱ्यानं बांधलेल्या बिडीवर कर नावापुरता. बिडीला स्वदेशीच्या काळात मान मिळाला होता, विलायती सिगारेटवर बहिष्कार आणि हाती देशी बिडी. पुढे ती गरिबाची म्हणून, आणि ती वळणाऱ्या लाखो हातांची म्हणून, सरकारनं तिला सांभाळलं. त्या हातांत बायकाच जास्त. त्यांच्यासाठी १९६६ चा बिडी कामगार कायदा आला, १९७६ चा कल्याण निधी आला. वर्षाला वीस लाखांपर्यंत बिड्या करणाऱ्याला तर उत्पादन शुल्क माफच होतं. बिडी वळून पोरं शिकवलेल्या आया मी शाळेत पाहिल्या आहेत. त्यांच्या पोटावर पाय आणा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण कर ज्या हातांसाठी माफ होता, त्या हातांना मजुरी तरी कुठं धड मिळत होती? स्वस्त राहिली ती बिडी.

भावाला १९९८ मध्ये खोकल्यातून रक्त पडू लागलं. अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तो सहा महिने होता. शेवटच्या दिवाळीत अंगणात बाजेवर बसून त्यानं बिडी पेटवली तेव्हा मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "तुमची महाग होती म्हनून सुटली भाऊ." हे तो चिडून बोलला नाही. त्याला ते खरोखर तसं वाटत होतं, आणि मला आजही त्याचं उत्तर सुचत नाही. त्याच्यापेक्षा माझा निश्चय मोठा नव्हता. मी त्याच्याएवढाच लोचट होतो. फरक पाकिटाच्या किमतीत होता, आणि मास्तरकीच्या मिजाशीत.

२०१६-१७ च्या केंद्राच्या पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी ४ टक्के सिगारेट ओढणारे निघाले आणि ७.७ टक्के बिडीवाले. २०२६ च्या १ फेब्रुवारीपासून सिगारेटवर पुन्हा लांबीनुसार उत्पादन शुल्क लागलं, हजारी २,०५० पासून ८,५०० रुपयांपर्यंत, आणि वर ४० टक्के जीएसटी. पुन्हा फूटपट्टी आली. बिडीचा जीएसटी मात्र २८ वरून १८ वर आणला. ही बातमी मी दोनदा वाचली.

हे छापण्याआधी पुतण्याला फोन केला. वडिलांबद्दल लिहिलेलं त्याला चालेल का, हे विचारायचं होतं. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "लिहा मोठेबाबा. पण मायला वाचून नका दाखवू." सौ.ला मात्र वाचून दाखवलं. रिकाम्या पाकिटापाशी तिनं मला थांबवलं. म्हणाली, "ते मला तेव्हाच माहीत होतं. रोज शर्ट मीच धुवत होते."