कल्पतरू आणि कंस

१९३१ साली आपल्या बडोदे राज्याने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ प्रसिद्ध केला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. नाव एकदा ठरवायचे, मग सगळ्यांनी तेच लिहायचे. सरकारी नोकरीत केस पिकत आलेल्या माझ्यासारख्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

संगणकाच्या जगात हीच गरज चाळीसेक वर्षांनी उभी राहिली. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ‘सी’ भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, तिच्यात नव्याने लिहिला गेला. डिस्क, टेप, कीबोर्ड. प्रत्येकाकडून माहिती वाचण्याची तऱ्हा निराळी. म्हणून गाभा एक तक्ता ठेवतो: उघडण्याचे काम या टेबलावर, वाचण्याचे त्या टेबलावर. काम करणाऱ्या फंक्शनचा हा पत्ता म्हणजेच फंक्शन पॉइंटर.

कल्पना सोपी, लिहिणे अवघड. वस्तू जशी वापरायची तशीच ती जाहीर करायची, हा रिचींचा नियम साध्या आकड्याला शोभतो. पण ‘सिग्नल’ नावाच्या फंक्शनला एक क्रमांक आणि एक पत्ता द्यायचा असतो, आणि ते जुना पत्ता परत करते. नियमाप्रमाणे लिहिले की एकाच ओळीत कंसात कंस, त्यात पुन्हा कंस. मथुरेचा परवडला! डावीकडून वाचत गेलात तर फसाल. मधल्या नावापासून बाहेर यावे लागते.

तोडगा ‘टाइपडेफ’चा. कर्निहन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात तो आहे. आमच्या डिप्लोमाच्या पिढीला मात्र सी भेटली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’मधून. लिनक्सच्या गाभ्यात ‘एक पूर्णांक घेणारे, काहीच परत न देणारे फंक्शन’ याला आधी नाव दिले आहे, मग त्याच्या पत्त्याला दुसरे. आता सिग्नलची ओळ सरळ वाचता येते: क्रमांक आणि पत्ता घ्या, पत्ता द्या. यंत्राचे काम याने तसूभरही जलद होत नाही. फायदा वाचणाऱ्याचा, आणि तो लहान नाही. गाभ्यात पत्ता चुकला तर अख्खे यंत्र बंद पडू शकते.

तरीही लिनक्सवाले नावे वाटताना हात आखडता घेतात. नावाआड मूळ वस्तू झाकली जाते, अशी त्यांची तक्रार, आणि ती मला पटते. फाइलच्या कामांच्या तक्त्यात पत्ते आजही उघडेच लिहिलेले आहेत. तिथे कंसांची गर्दी नाही. डोळ्यांना सवय होते.