कंपनीची बस की पेट्रोलभत्ता? कामावर जाण्या-येण्याच्या सवलतींचा हिशेब

निपाणीहून कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत, बांदा-सावंतवाडीहून गोव्यात, चंदगडहून बेळगावात. सीमाभागात घर एका राज्यात आणि पगार दुसऱ्या राज्यात, हे नेहमीचंच. दुचाकीवरून रोज ये-जा करणाऱ्याच्या पगारातला मोठा वाटा पेट्रोलवर जातो. त्यासाठी मालक दोन प्रकारे मदत करू शकतो: रोख भत्ता देऊन किंवा बस लावून. या दोन्हींत कायद्याच्या नजरेत मोठा फरक आहे.

प्राप्तिकर काय सांगतो?
घर ते कार्यालय या प्रवासासाठी मालकाने वाहन दिलं, तर प्राप्तिकर कायदा त्याला कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरत नाही. कंपनीची बस फुकट असली तरी तिच्यावर कर नाही. पण याच प्रवासासाठी रोख पेट्रोलभत्ता मिळाला, तर तो पगारात मिळवला जातो. पूर्वी महिना १,६०० रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पाने तो काढून प्रमाणित वजावट आणली. दिव्यांगांसाठी भत्त्याची सूट कायम राहिली. ऑफिसच्या कामासाठी फिरताना झालेल्या खर्चाचा भत्ता वेगळा. तो प्रत्यक्ष खर्चाइतका करमुक्त असतो.

उदाहरणार्थ, २० टक्के कराच्या टप्प्यातल्या कर्मचाऱ्याला महिना ३,००० रुपये पेट्रोलभत्ता मिळाला, तर वर्षाच्या ३६,००० वर उपकरासह ७,४८८ रुपये कर लागतो. बसवर शून्य. ज्यांचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यांना हा फायदा नाही. त्यांचा फायदा वाचलेल्या पेट्रोलचा आणि सुरक्षिततेचा.

मालकाला काय मिळतं?
चालकासह १३ पेक्षा जास्त आसनांची बस भाड्याने घेतल्यास तिच्यावरच्या जीएसटीचा परतावा, म्हणजे इनपुट क्रेडिट, घेता येतं. लहान गाड्यांवर ते सहसा अडवलेलं असतं. कायद्यानेच वाहतूक बंधनकारक केली असेल तर मिळतं. महिलांची रात्रपाळी हे त्याचं ठळक उदाहरण. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलेला रात्री कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायला हवी. कर्नाटकातही रात्रपाळीच्या परवानगीला वाहतुकीची अट जोडलेली आहे.

अपघात झाला तर?
ईएसआयच्या कक्षेतल्या, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला २०१० च्या दुरुस्तीने घर ते कामाचं ठिकाण या प्रवासातल्या अपघाताचंही संरक्षण मिळालं. मात्र प्रवासाची वेळ, ठिकाण आणि कारण यांचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो. स्वतःच्या दुचाकीवर असताना हे सिद्ध करणं कामगाराच्या घरच्यांवर येतं. मालकाच्या परवानगीने त्याच्याच बसमधून जाताना अपघात झाला, तर त्याचा नोकरीशी संबंध दाखवणं सोपं जातं.

हद्द ओलांडताना
कंपनीच्या बसला मोटार वाहन कायद्यानुसार खासगी सेवा वाहनाचं परमिट लागतं. एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. त्यामुळे बस मागताना परमिटचा प्रश्न आधी विचारावा. नाहीतर बस हद्दीपर्यंतच येते आणि पुढचे दहा-बारा किलोमीटर पुन्हा दुचाकी.

पासवाल्याचं काय?
सगळ्यात कमी प्रदूषण करणारा इथे मागे पडतो. एसटीचा पास काढणाऱ्याला किंवा सायकलने येणाऱ्याला मालकाने त्यासाठी रोख रक्कम दिली, तर ती पगारातच धरली जाते. फ्रान्समध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या पासची निम्मी किंमत मालकाने द्यायची, असा कायदा आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून कर्मचारी मालकामार्फत सायकल घेतो आणि तिचे हप्ते कर कापण्याआधीच्या पगारातून जातात. आपल्याकडे रोजच्या पासवाल्यासाठी अशी तरतूद नाही.

म्हणून पगारवाढीची बोलणी करताना भत्ता वाढवून मागण्याआधी एकदा विचारून पाहावं: त्याच पैशात वीस जणांची बस लागेल का? एका वाटेने येणाऱ्यांची नावं, गावं आणि पाळ्या लिहून यादी दिली, तर मालकालाही हिशेब लगेच मांडता येतो.