कबर नसलेल्यांचा हिशेब

मुंबईत मशीद बंदरला गोदीच्या अंगाला 'इंडियन सेलर्स होम' ही जुनी वास्तू आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी मात्र नावांचा शिलालेख नाही, ग्रंथ आहे. त्यात सुमारे साडेसहा हजार नावे आहेत. तसाच दुसरा ग्रंथ बांगलादेशातील चितगावच्या युद्ध-दफनभूमीत ठेवला आहे. एकाच यादीच्या दोन प्रती, दोन बंदरे आणि आज दोन देश.

ही नावे कुणाची? काही नौदलातल्या जवानांची आहेत, तर बरीचशी व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची. मुंबई बंदरातून डेकवर भरती होणाऱ्यांत रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. सारंग आपल्याच गावातली, आपल्याच जमातीतली पोरे जहाजावर नेत असे. त्यामुळे एक जहाज बुडाले की कधी कधी एकाच गावातली चार घरे एकदम बसत. या लोकांच्या हाती बंदूक नव्हती. ते दोर ओढत, डेक धूत, कोळसा टाकत. पण पाणबुडीचा टॉर्पेडो असा भेद करीत नसे.

आपण हुतात्म्यांची आठवण काढतो ती त्यांच्या मरणाची. त्या वेळी त्यांच्या घरात तांदूळ काय भावाने येत होता, हे विचारत नाही. खलाशाच्या बाबतीत मात्र हे दोन प्रश्न वेगळे करताच येत नाहीत. तो समुद्रावर गेला होता तोच मुळी तांदळासाठी.

पहिल्या महायुद्धाने ही गोष्ट आधीच दाखवून दिली होती. 1914 नंतर कापड, रॉकेल, धान्य सारेच महागले. 1918 साली पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली. मुंबईत घरभाडी इतकी चढली की सरकारला त्याच साली भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. जानेवारी 1919 मध्ये गिरणी कामगारांनी मोठा संप केला. 1920 पर्यंत मुंबईतल्या कामगार कुटुंबाचा जगण्याचा खर्च 1914 च्या जवळपास दुप्पट झाला होता.

सप्टेंबर 1939 मध्ये दुसरे युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. जहाज एक, धोका एक, पगार वेगळा. हिंदी खलाशांनी ब्रिटनच्या आणि इतर देशांच्या बंदरांत काम नाकारले, पगारवाढ आणि युद्धभत्ता मागितला. शेकडो जण तुरुंगात गेले. अखेर पगार वाढले, तरी गोऱ्यांची बरोबरी झाली नाही. यादीतल्या नावांकडे पाहताना हा संपही आठवला पाहिजे. ही माणसे मुकाट्याने मरायला निघालेली नव्हती. आपल्या जिवाची किंमत त्यांनी मागितली होती.

मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. रत्नागिरी जिल्ह्यात पिकणारा भात वर्षभर पुरत नसे आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हा मोठा आधार होता. तो तुटला. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. म्हणजे ज्या युद्धाने कर्ता पुरुष बोटीवर नेला, त्याच युद्धाने त्याच्या मनिऑर्डरीची किंमतही घटवली. चितगावच्या बाजूला तर त्याहून भयंकर घडले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. बंगाली खलाशी जगाच्या पाठीवर दुसऱ्यांचे धान्य वाहत असताना त्याच्या गावात उपासमार चालली होती.

आणि मागे राहिलेली बाई? पाण्यात बुडून मेलेल्याला आपल्याकडे शहीदाचा दर्जा मानतात. पण ज्याची मय्यत नाही, कबर नाही, त्याची पत्नी इद्दतीला कधी बसणार? खात्रीची खबर आली तर गोष्ट वेगळी. नाहीतर ती ना सधवा, ना विधवा. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने चार वर्षे बेपत्ता असलेल्या पतीपासून सुटका मागण्याचा हक्क तिला दिला होता. पण ती चार वर्षे घर कशावर चालवायचे, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

लंडनच्या टॉवर हिलवर दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे चोवीस हजार व्यापारी खलाशांची नावे कोरलेली आहेत. आपल्या खलाशांची नावे मात्र एका ग्रंथात मिटलेली आहेत. तो उघडणारे किती?

दगडावर नावे कोरणे आपल्या हाती नसेल, पण एक काम आपल्या हातचे आहे. कोकणातल्या घराघरांतल्या जुन्या ट्रंकांत खलाशाचे पुस्तक, मनिऑर्डरीच्या पावत्या, कंपनीचे पत्र अजून सापडू शकते. वाळवी लागण्याआधी ते कागद बाहेर काढावेत. गावोगावच्या जमातींनी आपापल्या बुडालेल्यांची यादी करावी. त्या यादीत नावापुढे आणखी एक ओळ असावी: याच्या मागे कोण कोण उरले आणि त्यांनी दिवस कसे काढले. त्या ओळीशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.